वाढत्या अंगाचं

विश्रामअण्णांचा गाळा वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणाला टेकून उभा होता. वर पत्रा, आत पायाने चालवायचं शिलाई मशीन, फोमच्या लाद्या, रेक्झीनचे गुंडाळे. टेम्पो असो, रिक्षा असो, फियाट असो, सीट फाटली किंवा स्प्रिंग वर आली की ड्रायव्हर लोक त्यांच्याकडे यायचे. तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही सीट तक्रार घेऊन परत आली नव्हती. अण्णा हे स्वतः कधी कुणाला सांगत नसत. त्यांची बायको मंजुळा सांगायची, आणि ती सांगत असताना अण्णा खाली मान घालून कात्रीच्या धारेकडे बघत बसायचे.

लहान मुलासाठी काही घ्यायचं तर ते वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही गोष्ट अण्णांच्या हाडात मुरलेली होती. आठव्या वर्षी त्यांना मिळालेले पहिले बूट त्यांनी पुढे चिंध्या कोंबून घातले, दहाव्या वर्षी चिंध्या काढून घातले आणि बाराव्या वर्षी बोटं मुडपून घातले. मुलगी मालन शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या घेराला त्यांनी आतून तीन चुण्या मारल्या होत्या. दर जून महिन्यात एक चुणी उसवायची. मालनच्या लग्नात मंजुळेच्या भावाने सगळ्यांसमोर थट्टा केली होती, "दाजी, जावईपण वाढत्या अंगाचाच बघितलाय वाटतं!" कारण नवरदेव मधु काडीसारखा होता आणि भाड्याचा कोट त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता. सगळा मांडव हसला. मधुही हसला.

मधु स्वभावाने तसाच होता. सासऱ्याला मामा म्हणायचा आणि मामांनी एकदा सांगितलं की त्यावर दुसरा शब्द काढायचा नाही.

मधु आणि मालन डोंबिवलीत राहत. मालन ठाण्याच्या एका इस्पितळात नर्स होती, तिची ड्युटी सकाळी सातला लागायची. मधुची स्वतःची फियाट होती. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने एका जर्मन इंजिनियरला ने-आण करायला ती लावून घेतली होती. त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मितू, तेव्हा तेरा महिन्यांची होती. मालन पहाटे निघून जायची. साडेसातला मधु मितूला पुढच्या सीटवर ठेवायचा आणि शिळफाट्यावरून, मुंब्रा-कळव्यावरून वर्तकनगरला आजीआजोबांकडे आणून सोडायचा. सगळा रस्ता एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हात पोरीच्या पोटावर.

"गिअर कसा टाकतोस रे?" अण्णांनी एकदा विचारलं.

"टाकतो पटकन. तेवढ्यात ती उभी राहते मामा. परवा तिने वायपर चालू केला."

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत मधु अण्णांना जर्मन साहेबाच्या बंगल्यावर घेऊन गेला. त्या लोकांनी आपल्या मुलासाठी देशाहून मोटारीत ठेवायची छोटी खुर्ची आणली होती. ती अण्णांना एकदा दाखवायची, बाकी ते बघतीलच, असा मधुचा हिशेब. साहेबाच्या बाईने खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली. अण्णांनी ती उलटीपालटी केली, शिवण तपासली, आतल्या नळीला टिचकी मारून पाहिली आणि खिशातली टेप काढून मापं लिहून घेतली. बाईने त्यांना एक चोपडंही दाखवलं. त्यात तीन चित्रं होती. तान्हं मूल, रांगण्याच्या पुढचं मूल आणि शाळेत जाणारं मूल, आणि प्रत्येकाची खुर्ची वेगळी. बाईने पहिल्या चित्रावर बोट ठेवून हाताने 'गेलं, संपलं' अशी खूण केली आणि दुसऱ्यावर बोट आपटलं. मग आपल्या मुलाला खुर्चीत बसवून त्याचे पट्टे आवळले, त्याच्या गळ्याच्या हाडापाशी पट्ट्याखाली दोन बोटं घातली आणि तिसरं बोट जात नाही हे अण्णांना दोनदा करून दाखवलं.

अण्णांनी मान डोलावली. त्यांना सगळं कळलं होतं. परतताना गाडीत ते म्हणाले, "दर दोन वर्षांनी नवी खुर्ची! यांचं काय बाबा. आपण एकच करू, पण अशी करू की पोरगी बालवाडीत जाईपर्यंत बघायला नको."

आठ दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. पाइप वाकवून सांगाडा वेल्ड करून घेतला, त्यावर काथ्या, काथ्यावर फोम, फोमवर लाल रेक्झीन. बैठक त्यांनी चार बोटं जास्त रुंद ठेवली. पाठ उंच ठेवली. जाड कॅनव्हासचा पट्टा दुहेरी शिवला, खांद्यावरून दोन आणि कमरेवरून एक, आणि पुढे पितळी बक्कल. मग मितूला आणून बसवलं. थंडीचे दिवस, त्यामुळे तिच्या अंगात मंजुळेने विणलेला जाड स्वेटर होता आणि पाठीमागे रिकामी जागा राहत होती तिथे मंजुळेने गोधडीची घडी सारली. अण्णांनी पट्टा आवळून दोन बोटं घालून पाहिली. बरोबर बसली. तिथे त्यांनी खडूने खूण केली. तेच पट्ट्याचं पहिलं भोक. तिथून पुढे, बाहेरच्या बाजूला, दोन दोन बोटांवर आणखी पाच भोकं पाडली आणि प्रत्येकात पितळी रिंग ठोकली. आतल्या बाजूला एकही नाही. मूल वाढतं, त्याला आतली भोकं काय करायची?

मितूला खुर्ची फार आवडली. मधु दोन्ही हातांनी गाडी चालवू लागला. इस्टेटमधले ड्रायव्हर येऊन खुर्ची बघून जायचे. "अण्णा, धंदा आहे यात," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा त्या रात्री अण्णांना बराच वेळ झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं.

मार्च उजाडला आणि हवा तापली. मितूचा स्वेटर ट्रंकेत गेला. गोधडीने तिला घामोळं येई, म्हणून मालनने ती काढून टाकली. एका सकाळी मधु मितूला मंजुळेकडे सोडून गाळ्यावर आला.

"मामा, पट्टा ढिला पडतोय हो. आत एक भोक पाडून देता का?"

अण्णा एका रिक्षाच्या सीटला टाके घालत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "आत कशाला? पोर वाढायची आहे का आटायची आहे?"

"नाही, म्हणजे आत्ता जरा..."

"महिन्याभरात भरेल. तोवर टॉवेल सार पाठीशी. भोकं पाडून पाडून पट्टा मरतो, मधु."

"टॉवेल ओढून काढते ती."

"मग शिकव तिला."

मधु हसला. "बरं. कारागीर तुम्ही," म्हणाला आणि साहेबाला आणायला निघून गेला. भोकं पाडायचा पंच आणि हातोडी अण्णांच्या गुडघ्याशीच पडलेली होती. भोक पाडायला दोन मिनिटं लागली असती.

त्यानंतर आठव्या दिवशी कळव्याच्या अलीकडे एक हातगाडी उतारावरून सुटून रस्त्यात आली. मधुने ब्रेक दाबला. गाडी वेगात नव्हती, हातगाडीला तिचा धक्काही लागला नाही, आणि गाडीला नंतर कुणालाही एक ओरखडा सापडला नाही. पण पट्टा मितूच्या काखेतून वर सरकला, ती त्याच्या खालून निसटली आणि समोरच्या पत्र्याच्या कडेवर तोंडाने आपटली.

मधु तिला घेऊन थेट मालनच्या इस्पितळात गेला. दुसरं कुठलं त्याला सुचलंच नाही. मालन ड्युटीवर होती, तिनेच पोर त्याच्या हातातून घेतली.

डावा डोळा जागेवर राहिला, पण त्यातली नजर गेली. डॉक्टरांनी हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्याच दिवशी, बाहेरच्या बाकापाशी, मालनने मधुला विचारलं होतं, "बक्कल लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"मग ती बाहेर कशी आली? उडून?"

मधुने तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यातून अण्णा आणि मंजुळा वर आले. मधुने सासऱ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. "लावलं होतं गं," एवढंच तो पुन्हा म्हणाला.

ते बघणं अण्णांना कळलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं, हेही कळलं. पण आत पोर निपचित पडलेली, मालनचा चेहरा दगडासारखा, आणि अण्णा मनाशी म्हणाले की आता नको, जरा सगळं थंडावू दे.

मितूला इस्पितळातून सोडलं तेव्हा मालन तिला घेऊन डोंबिवलीला गेलीच नाही. ती वर्तकनगरला बापाच्या घरी आली. मधु रविवारी यायचा. मालन त्याला दारातच थांबवायची, मितूला पाच मिनिटं त्याच्या हातात द्यायची आणि परत घ्यायची. मंजुळेने एकदा पाट मांडला तर मालन म्हणाली, "आई, त्यांना गिऱ्हाईक असेल. घाईत असतात ते नेहमी." अण्णा खिडकीशी बसून हे ऐकायचे.

तिसऱ्या रविवारी मधुचे मामा शिवराम खडवलीहून आले. मधुला आईबाप नव्हते, तो या मामांकडेच वाढलेला. बोलणं करून काय ते मिटवावं म्हणून ते आले होते आणि येताना डोंबिवलीहून ती लाल खुर्ची कापडात गुंडाळून घेऊन आले होते. त्यांनी ती खोलीच्या मधोमध ठेवली. मितू आत झोपली होती.

"माझा भाचा बावळट आहे, पण खोटारडा नाही," शिवराम म्हणाले. "तो म्हणतो बक्कल लावलं होतं."

"मामा, लावलेल्या पट्ट्यातून पोर बाहेर येते का?" मालन स्वयंपाकघराच्या चौकटीतून म्हणाली. "त्यांना साहेबाकडे पोचायचं होतं. घाईत राहिलं असेल. तसं म्हणावं तरी! राहिलं म्हणावं, चुकलं म्हणावं. खोटं कशाला?"

"मधु, बोल," शिवराम म्हणाले.

मधु भिंतीला टेकून उभा होता. "लावलं होतं," तो म्हणाला.

शिवराम अण्णांकडे वळले. "विश्रामराव, वस्तू तुमच्या हातची. आमच्यात यातलं कळणारे तुम्हीच. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन आणि मालनही ऐकेल. बक्कल लावलेलं असताना पोर यातून निसटू शकते का?"

अण्णांच्या समोर खुर्ची होती. पट्ट्याचं बक्कल पहिल्या भोकात होतं. मंजुळा मध्येच म्हणाली, "त्यांच्या हातची सीट आजवर कधी परत आलेली नाही." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. फक्त मधु बघत नव्हता. तो पायाच्या अंगठ्याने फरशीची फट चाचपत होता.

अण्णांचं वाक्य तयार होतं, अगदी छोटं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

शिवरामांनी टोपी घातली. "झालं तर मग," ते म्हणाले आणि मधुला घेऊन गेले. खुर्ची तिथेच राहिली. ती अण्णांनी उचलून माळ्यावर टाकली.

एप्रिल गेला. मितू चालायला लागली होती, पण डाव्या बाजूचं तिला दिसत नसे, म्हणून ती दाराच्या डाव्या चौकटीवर आपटायची आणि आपटली की रडण्याआधी क्षणभर थांबून चौकटीकडे तोंड वळवून बघायची. मंजुळेने चौकटीला जुनी उशी बांधली. अण्णा गाळ्यावर जात, काम करत, पण आता शिवण उसवून पुन्हा घालायची सवय त्यांना लागली. एका टेम्पोवाल्याची सीट त्यांनी तीनदा उसवली. "अण्णा, झाली ना आता?" तो कंटाळून म्हणाला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालन ड्युटीवरून आली ती हातात एक कागद घेऊन. कोर्टापुढे बसणाऱ्या टायपिस्टकडून तिने तो करून आणला होता.

"फारकतीचा आहे," ती म्हणाली. "मधु सही करतो म्हणाला. काही बोललासुद्धा नाही. दोन साक्षीदार लागतात. एक माझ्या मामांची घेईन. एक तुम्ही करा, अण्णा."

अण्णांनी चष्मा लावला. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की पतीने अल्पवयीन मुलीच्या बाबतीत निष्काळजीपणा केला, मोटारीत तिचा पट्टा न लावल्यामुळे तिचा डावा डोळा निकामी झाला, आणि वर खोटं बोलून त्याने पत्नीचा विश्वास गमावला. अण्णांनी ते दोनदा वाचलं. मालनने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"मालन," ते म्हणाले, "बक्कल लावलेलं होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे. पहिलं भोकच ढिलं होतं. मी थंडीत माप घेतलं होतं, स्वेटरवरून, मागे गोधडी घालून. त्याच्या आत भोकच पाडलं नाही मी. त्याने कितीही आवळलं असतं तरी..."

मंजुळा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मालन खाली बसली. तिचा आवाज इस्पितळात रुग्णाची माहिती घेताना असतो तसा झाला.

"किती जागा होती?"

"चार बोटं. थोडी जास्तच असेल."

"मधुला माहीत होतं?"

"त्याने येऊन सांगितलं होतं मला. आत भोक पाडून द्या म्हणून."

"कधी?"

"आठ दिवस आधी."

"आणि तुम्ही पाडलं नाहीत."

"नाही."

"आणि शिवराममामा आले होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

अण्णांनी चष्मा काढला.

"काय म्हणालात, अण्णा?"

"सांगता येत नाही म्हणालो."

मालनने पेनाचं टोपण लावलं. कागदाची घडी केली. बराच वेळ ती त्या घडीवरून नख फिरवत राहिली.

"शिवलंत ते शिवलंत," ती अखेर म्हणाली. "पण दीड महिना मी त्या माणसाला दारात उभं केलं. तुम्ही इथून बघत होता. याच खिडकीतून."

दुसऱ्या दिवशी ती मितूला घेऊन डोंबिवलीला गेली. कपडे, औषधं, दुधाची बाटली, सगळं नेलं. मंजुळा दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "आताच बोलायचं काय अडलं होतं? पोर डोळ्यांसमोर तरी होती."

अण्णांना वाटलं होतं की मालन रागाच्या भरात गेली, पंधरा दिवसांत परत सकाळी गाडी खाली थांबेल आणि मधु मितूला घेऊन जिना चढेल. तसं झालं नाही. मालनने डोंबिवलीत शेजारच्या कांताबाईंकडे मितूला ठेवायचं ठरवलं होतं. कांताबाई घरातच पाच-सहा मुलं सांभाळायच्या. हे अण्णांना मधुकडून कळलं. तो जूनमध्ये एका दुपारी गाळ्यावर आला, बाहेरच्या बाकावर बसला.

"कशाला बोललात मामा?" तो म्हणाला. "मी गप्प बसलो होतो ना."

"तू का गप्प बसलास?"

"नवऱ्यावरचा राग कधीतरी जातो हो. आज नाही तर वर्षाने. बापावरचा जातो का, मला माहीत नव्हतं." मग तो म्हणाला, "आणि मितूला ठेवायला तुमच्यासारखी जागा कुठे मिळणार होती?"

अण्णांनी मशीनवरचं रेक्झीन बाजूला सारलं. "गाडीत आता कशी आणता तिला, कुठे जायचं तर?"

"मालन मागे घेऊन बसते. घट्ट धरून. जर्मन मॅडमने त्यांची पुढची, चोपड्यातल्या तिसऱ्या चित्रातली मोठी खुर्ची द्यायचं कबूल केलंय, त्यांचा मुलगा मोठा झाला की. पण म्हणाली, मितू त्यात बसायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. आत्ता ठेवलीत तर उपयोग नाही."

"मी एक करून देऊ का?" अण्णांच्या तोंडून निघून गेलं. "आत्ताच्या मापाची. अगदी आत्ताच्या. सहा महिन्यांनी दुसरी करेन. त्यानंतर तिसरी. मला काय काम असतं?"

मधुने मान खाली घातली. बाकाच्या कडेचा एक सुटा दोरा तो बोटाला गुंडाळत राहिला.

"मालनला विचारतो," तो म्हणाला.

त्याने विचारलं असेल किंवा नसेलही. पुढे तो दोनदा गाळ्यावर आला, एकदा आपल्याच गाडीची मागची सीट दबली म्हणून. त्याने खुर्चीचा विषय काढला नाही, आणि अण्णांना तो काढण्याचं धाडस झालं नाही.

डिसेंबरात मितू दोन वर्षांची झाली. मालनने कळवलं, या म्हणून. अण्णा आणि मंजुळा डोंबिवलीला गेले. बुद्धवंदना झाली, खीर झाली. मधु माणसांची सरबराई करत हिंडत होता, त्याच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. मितू नवा फ्रॉक घालून फिरत होती. फ्रॉक तिच्या अंगाबरोबर होता, बेताचा, पुढच्या वर्षी होणार नाही असा. अण्णा भिंतीशी सतरंजीवर बसले होते. ती त्यांच्या डाव्या हाताला येऊन थांबली, मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून चढायला लागली.

अण्णांनी हात पुढे केले. मालन चहाचे कप घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, मितूला अलगद उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चहा घ्या, अण्णा. निवतोय."

त्यांनी कप घेतला. मालन पोरीला घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पाहुणे उठेपर्यंत तिने मितूला खाली सोडलं नाही.